पाळीभर कानात टिकेल असं संरक्षण: यंत्रमागाच्या शेडपासून एमआरआयच्या खोलीपर्यंत

इअर प्लगच्या पाकिटावर, तो किती डेसिबल आवाज अडवतो ते सांगणारा ३२, ३३ असा एखादा आकडा छापलेला असतो. खरेदी करणारा तो आकडा बघतो, सगळ्यात मोठा निवडतो आणि काम झालं असं समजतो. इचलकरंजीच्या एखाद्या यंत्रमाग शेडचा हिशेब मांडला की या निवडीतली गडबड कळते.

समजा शेडमध्ये आवाज ९७ डेसिबल आहे आणि पाळी बारा तासांची. एका विणकराने ३० डेसिबल कमी करणारा प्लग घातला, पण कधी फोनसाठी, कधी जॉबरशी (माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीशी) बोलायला, कधी खाज सुटली म्हणून, असा मिळून तासभर तो काढून ठेवला. दुसऱ्याने फक्त १५ डेसिबल कमी करणारा घातला, पण पाळीभर काढला नाही. दिवसअखेर पहिल्याच्या कानाला मिळालेलं सरासरी संरक्षण ११ डेसिबलही भरत नाही, दुसऱ्याला मात्र पूर्ण १५ मिळतं. डेसिबलचं मोजमाप असंच चालतं: दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, त्यामुळे उघड्या कानाने काढलेला एक तास उरलेल्या अकरा तासांची कमाई खाऊन टाकतो. पहिल्याने ३० ऐवजी २० चा प्लग घेतला असता तरी त्याचा आकडा दहाच्या आसपासच राहिला असता.

म्हणून कानाचं संरक्षण आखताना पहिला प्रश्न हा असावा: माणूस हे कशासाठी काढेल? ती कारणं एकेक करून दूर केली की उरलेलं काम सोपं आहे. खाली मी मुख्यतः दोन जागा धरून लिहितो, यंत्रमागाची शेड आणि रुग्णालय. एका ठिकाणी आवाज दिवसभराचा, दुसरीकडे थोड्या वेळाचा पण तीव्र.

आधी आवाज मोजा

हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तिथे ८५ डेसिबल किंवा त्याहून जास्त आहे असं धरून चाला. कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागत असेल तर पंचाण्णवच्या आसपास किंवा पुढे. एवढ्यावरून काम सुरू करता येतं, पण प्लग निवडायला आकडा लागतो.

साउंड लेव्हल मीटर मिळाला तर उत्तम. तो 'ए' वेटिंग आणि 'स्लो' या सेटिंगवर ठेवायचा. मीटर नसेल तर आयफोनवर अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं मोफत ॲप चालतं आणि अंदाजापुरतं ते चांगलं आहे. अँड्रॉइड फोनचे माइक मॉडेलगणिक वेगळे, त्यामुळे एकदा कुणाच्या तरी मीटरशेजारी धरून फरक किती येतो ते लिहून ठेवा. धोट्याचा (आडवा धागा नेणाऱ्या शटलचा) किंवा हातोडीचा एकेक ठोका फोन नीट पकडत नाही. फोनवर सरासरीच बघायची.

मोजताना फोन टेबलावर ठेवू नका. विणकराच्या कानाच्या उंचीवर, कानापासून वीतभर अंतरावर धरा आणि त्याच्या फेरीच्या वाटेने त्याच्यासोबत चाला. सगळे माग चालू असताना मोजा. तुटलेला धागा जोडायला तो मागावर वाकतो तेव्हाचं वेगळं मोजा, कारण तेव्हा कान धोट्याच्या पेटीजवळ जातो आणि आकडा चढतो. मग शेडचा साधा नकाशा काढून प्रत्येक जागी आकडा लिहा. शटलच्या मागांच्या शेडमध्ये ९५ ते १०० च्या आसपास आकडे दिसले तर नवल नाही.

रुग्णालयात असाच नकाशा काढायचा, फक्त जागा वेगळ्या: जनरेटरची खोली, मेडिकल एअर आणि व्हॅक्यूमची यंत्रं, लॉन्ड्री, उपकरणं निर्जंतुक करायच्या विभागातली कॉम्प्रेस्ड हवेची गन, हाडांचं ऑपरेशन थिएटर, प्लास्टर कापायची करवत. रुग्णालयात आवाज म्हटला की सगळ्यांना एमआरआय आठवतं, पण आठ-आठ तास आवाजात राहणारा माणूस बहुधा तळघरात कॉम्प्रेसरशेजारी बसलेला असतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

एक सक्त सूचना. एमआरआयच्या खोलीत फोन किंवा साधा मीटर घेऊन कधीही जाऊ नका. चुंबक चोवीस तास चालू असतो. तिथले आकडे मशीनच्या कंपनीच्या कागदपत्रांतून घ्यायचे.

कायदा काय म्हणतो आणि कान काय सोसतो

कारखान्यांसाठीच्या नियमांत ९० डेसिबल आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर ५ डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९७ डेसिबलमध्ये उघड्या कानाने तीन तास चालतात. नायॉशची शिफारस जास्त कडक आहे: ८५ डेसिबल आठ तास आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या मापाने ९७ डेसिबलमध्ये फक्त अर्धा तास. या दोन आकड्यांमध्ये केवढं अंतर आहे बघा. ऊर्जेच्या हिशेबाला धरून दुसरा नियम आहे, म्हणून आखणी त्यावर करावी आणि कायद्याची मर्यादा ही किमान पायरी मानावी, असं माझं ठाम मत आहे. बारा तासांच्या पाळीला ८५ ची मर्यादा साधारण ८३ वर येते, हेही लक्षात ठेवा.

उगमाशीच जमेल तेवढा आवाज कमी करा

कानात काही घालण्याआधी हे करायचं, आणि ते वाटतं तेवढं खर्चिक नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी बसवला. तेव्हापासून साध्या मागाचं तत्त्व तेच राहिलं आहे: पिकिंग स्टिक धोट्याला फेकते, धोटा पलीकडच्या पेटीत आदळतो, आणि हे मिनिटाला शंभरच्या वर वेळा होतं. आवाजाचा मोठा भाग या आदळण्यातून येतो. झिजलेला पिकर (धोट्याला धक्का देणारा तुकडा), ढिले झालेले बोल्ट, फाटलेला बफर यांनी तो वाढतो. जॉबरला आठवड्याच्या देखभालीत या तीन गोष्टी बघायला लावा. मागाच्या पायाखाली रबरी पॅड घातले की जमिनीतून जाणारी थरथर कमी होते आणि शेजारच्या घरांनाही दिलासा मिळतो.

पत्र्याचं छप्पर आणि गिलाव्याच्या उघड्या भिंती आवाज परत फेकतात. छताखाली आवाज शोषणारे पॅनेल टांगले तर फरक पडतो, पण कापसाचा तंतू त्यांवर साचतो आणि ठिणगी पडली तर आग लागते. म्हणून न जळणारं आणि पुसता येणारं आवरण असलेलेच पॅनेल घ्यावेत. ते परवडत नसतील तर निदान कांडी (धोट्यातली सुताची रीळ) भरायचं मशीन, मालकाचं टेबल आणि डबा खायची जागा भिंतीपलीकडे न्या. जेवणाचा अर्धा तास शांत जागी गेला तर कानाला खरी विश्रांती मिळते.

रुग्णालयात हेच म्हणजे कॉम्प्रेसर बाहेर काढणं आणि दाराला रबरी पट्टी लावणं. दातांच्या दवाखान्यात कॉम्प्रेसर गॅलरीत ठेवला आणि हँडपीसला वेळच्या वेळी तेलपाणी केलं की निम्मी तक्रार मिटते.

किती कमी करायचं ते ठरवा

कानाशी पोचणारा आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या दरम्यान यावा. ७० च्या खाली नेला तर माणसाला एकटं पडल्यासारखं वाटतं, हाक ऐकू येत नाही, मागाचा बदललेला सूर कळत नाही, आणि तो प्लग काढतो. म्हणजे ९७ च्या शेडमध्ये गरज आहे १७ ते २२ डेसिबलची.

पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रशिक्षित माणसाने, शांतपणे, नीट बसवलेल्या प्लगचा. प्रत्यक्षातला अंदाज बांधायला अमेरिकेत एक सोपी रीत आहे: पाकिटावरच्या एनआरआर नावाच्या आकड्यातून ७ वजा करायचे आणि उरलेल्याचे निम्मे करायचे. ३२ चा प्लग असेल तर २५ उरले, निम्मे साडेबारा. ९७ मधून ते गेले की साडेचौऱ्याऐंशी. बारा तासांच्या पाळीला एवढं पुरत नाही. मग काय, याहून मोठा आकडा शोधायचा? बाजारात तो जवळपास नाहीच. वाढ मिळते ती बसवण्यातून. त्याच प्लगने नीट शिकलेल्या माणसाला वीसच्या वर डेसिबल मिळतात आणि न शिकलेल्याला पाचही मिळत नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर प्लग स्वस्त घ्या, पण शिकवण्यात वेळ घाला.

युरोपियन मालावर एसएनआर असं लिहिलेलं असतं. एनआरआर आणि एसएनआर हे वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेले आकडे आहेत, त्यांची थेट तुलना करू नका. भारतीय मानक आयएस ९१६७ किंवा युरोपचं ईएन ३५२ यांपैकी एखादा उल्लेख पाकिटावर असावा. काहीच उल्लेख नसेल तर ते पाकीट ठेवून द्या.

प्लग आणि त्यावर मफ (हेडफोनसारखं कान बाहेरून झाकणारं साधन) असं दोन्ही घातलं तर आकड्यांची बेरीज होत नाही. दोघांतला जो जास्त आहे त्यात साधारण ५ डेसिबल वाढतात, एवढंच. त्यापलीकडे काहीही केलं तरी आवाज कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचतो, त्यामुळे चाळीस-पन्नास डेसिबलच्या पुढे कुठलंही साधन नेत नाही.

आणि कापूस. शेडमध्ये तो हाताशीच असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बोळा करून कानात घातला जातो. त्याने फार तर पाच-सात डेसिबल कमी होतात, तेही बारीक सुरांचे. कानाला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि माणूस निर्धास्त राहतो, म्हणून मला तो उघड्या कानापेक्षाही जास्त घातक वाटतो.

काढण्याची कारणं शोधा आणि मगच प्रकार निवडा

ही पायरी घाईत उरकू नका. पाळी सुटताना चार विणकरांसोबत चहाला बसा आणि विचारा. कारणं साधारण ही निघतात.

पहिलं कारण: बोटं. फोमचा प्लग घालायचा तर तो बोटांत वळावा लागतो. विणकराच्या बोटांना तेल, ग्रीस, सुताचा तंतू. तासातासाला काढघाल झाली की फोम काळा पडतो, कान खाजतो आणि तिसऱ्या दिवशी प्लग खिशात जातो. अशा जागी तीन पाकळ्यांचा सिलिकॉनचा प्लग बरा. त्याला दांडी असते, दांडी धरून आत सरकवता येतो, कानात जाणाऱ्या भागाला बोट लागत नाही, आणि रात्री साबणाच्या पाण्याने धुता येतो. नीट बसवलेल्या फोमच्या तुलनेत तो थोडा कमी अडवतो, पण पाळीभर टिकतो. वर मांडलेला हिशेब आठवा.

दुसरं: उकाडा. शेडमध्ये हवा दमट ठेवावी लागते, नाहीतर सूत तुटतं. एप्रिल-मेमध्ये तिथे इअर मफ बारा तास घालणं अशक्यच. घामाने गाद्या ओल्या होतात, कानामागे पुरळ येतं. मफ जनरेटरच्या खोलीसाठी ठेवा, जिथे माणूस दहा मिनिटं जातो आणि परत येतो. तिथे तो दाराबाहेर खिळ्याला टांगलेला असावा, आत नव्हे.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं, आणि मालक ते बहुधा गांभीर्याने घेत नाहीत. जुना विणकर मागाकडे न बघता नुसत्या आवाजावरून सांगतो की चौथ्या मागाची कांडी संपत आली किंवा पिकर सुटायला झालाय. त्याचं कसब कानात आहे. प्लग घातला की ते जातं अशी त्याला भीती असते, आणि साधा फोम बारीक सूर जास्त दाबतो म्हणून ती भीती पूर्ण खोटीही नाही. याला उत्तर म्हणजे फिल्टरवाला प्लग, जो जाड आणि बारीक सूर सारख्या प्रमाणात कमी करतो. वादकांसाठी असे प्लग बनतात, आता कारखान्यांसाठीही मिळतात. त्यांचं संरक्षण मध्यम असतं, म्हणून ते ९० ते ९५ च्या शेडमध्ये ठीक. ९७-९८ च्या शेडमध्ये फोम किंवा पाकळ्यांचाच प्लग द्या आणि विणकराला आठ-दहा दिवस द्या. मागाचा नवा सूर कान शिकतो. मोठ्या आवाजात सगळंच कमी झालं की बिघाडाचा ठोका उलट जास्त स्पष्ट कळतो, असं बरेच जण नंतर सांगतात.

चौथं: दोरी. दोरीचा प्लग हरवत नाही म्हणून तो सर्रास दिला जातो. फिरत्या शाफ्ट आणि पट्ट्यांजवळ लोंबती दोरी नको. एकतर बिनदोरीचा द्या किंवा दोरी मानेमागून शर्टच्या आत घ्यायला लावा.

चष्मा घालणाऱ्याला मफ देताना काडी जाड नाही ना ते बघा. काडीच्या फटीतून काही डेसिबल आत येतात. डोक्यावर पदर, टोपी किंवा रुमाल असेल तर मफची गादी कापडावर बसते आणि संरक्षण जवळपास जातं. अशांना प्लगच द्यावा. आणि कानातून पू येतो का, पडद्याला भोक आहे का, हे विचारल्याशिवाय कुणालाही प्लग देऊ नका. त्यांना आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवा आणि तोवर मफ द्या.

बाजारातले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन या कामाला चालत नाहीत. ते संगीत ऐकायला बनवलेले आहेत, संरक्षणाचं साधन म्हणून तपासलेले नाहीत.

बसवायला शिकवा

फोमचा प्लग असा घालायचा. हात धुवून कोरडे करा. प्लग अंगठा आणि दोन बोटांत धरून सावकाश वळा, तो पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक आणि सुरकुती नसलेला झाला पाहिजे. सुरकुती राहिली तर तीच आवाजाची वाट होते. आता दुसरा हात डोक्यावरून पलीकडे न्या, कानाचं वरचं टोक धरा आणि वर-मागे ओढा. कानाची नळी वाकडी असते, ती ओढल्यावर सरळ होते. बहुतेकांचा प्लग इथेच चुकतो, कान न ओढता तो नुसता बाहेर टेकवलेला असतो. प्लग आत सरकवा आणि बोटाच्या टोकाने तीस ते चाळीस सेकंद तसाच धरून ठेवा. फोम फुगायला तेवढा वेळ लागतो. लगेच सोडला तर तो फुगता फुगता बाहेर येतो.

तपासायची रीत सोपी आहे. समोरून बघितलं तर प्लगचं टोक दिसता कामा नये, बाजूने दिसलं तर चालेल. मग चालू मागाजवळ उभं राहून दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबायचे आणि सोडायचे. हात दाबल्यावर आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा घाला. आणखी एक खूण: स्वतःचं बोलणं घुमल्यासारखं, डोक्यात ऐकू येतं. एका कानात घुमतं आणि दुसऱ्यात नाही, असं झालं तर दुसरा प्लग सैल आहे.

हे एकेकट्याला, समोरासमोर शिकवावं लागतं. सगळ्यांना रांगेत उभं करून दाखवलं की पुढचे दोघे शिकतात. "मामा, तुम्ही स्वतः घाला, मी फक्त बघतो," असं म्हणा आणि त्यांच्या हातून दोनदा करून घ्या. कानाची नळी प्रत्येकाची वेगळी, कित्येकांची डावी-उजवीही सारखी नसते. म्हणून किमान दोन मापांचे प्लग जवळ ठेवा. बायकांना बऱ्याचदा लहान माप लागतं, आणि ते नसलं की त्या दुखण्यामुळे प्लग सोडून देतात.

काढताना हळू, पिळत काढा. झटक्याने ओढला तर पडद्यावर ताण येतो.

एमआरआय: इथे निवड रुग्णाने करायची नाही

एमआरआयचा खडखडाट चुंबकाचा नाही. चुंबकाच्या आत ग्रेडियंट कॉइल असतात. त्यांतला प्रवाह सेकंदात शेकडो वेळा उलटसुलट होतो, चुंबकीय क्षेत्रात त्या तारांवर जोर पडतो आणि कॉइलचं सगळं नळकांडं ठोकल्यासारखं थरथरतं. ३ टेस्ला ताकदीच्या मशीनमध्ये काही सिक्वेन्स (स्कॅनचे टप्पे) ११० डेसिबलच्या पुढे जातात. डिफ्यूजनचे सिक्वेन्स त्यांत सर्वांत त्रासदायक. यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार रुग्णाच्या कानापाशी आवाज ९९ डेसिबलच्या वर जाण्याची शक्यता असेल तर कानाचं संरक्षण अनिवार्य आहे.

टेक्निशियनसाठी क्रम असा ठेवा. फॉर्म भरतानाच कानाचं ऑपरेशन, पडद्याचं भोक, कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) यांबद्दल विचारा. इम्प्लांट असेल तर पुढचं काही न करता रेडिओलॉजिस्टला कळवा. श्रवणयंत्र बाहेर काढून ठेवायला लावा, आणि ते काढण्याआधीच सगळ्या सूचना देऊन घ्या, कारण नंतर आजोबांना काही ऐकू येणार नाही. प्लग रुग्णाच्या हातात देऊन "घाला" म्हणू नका. घाबरलेला माणूस तो नुसता टेकवतो. तुम्ही घाला, वर सांगितलेल्या पद्धतीने, तीस सेकंद धरून. त्यावर हेडफोन किंवा स्पंजच्या गाद्या. डोक्याभोवती बसवायच्या कॉइलमध्ये मोठे हेडफोन मावत नाहीत, तिथे प्लग आणि पातळ गाद्या असं दुहेरी संरक्षण करा. हातात मदतीसाठी दाबायचा फुगा द्या आणि दाबून दाखवायला सांगा.

प्लग कुठला हे फार महत्त्वाचं. अन्नप्रक्रिया कारखान्यांत निळे प्लग वापरतात. त्यांत धातू मिसळलेला असतो, म्हणजे चुकून अन्नात पडले तर मेटल डिटेक्टर पकडतो. एकाच समूहाचा कारखाना आणि रुग्णालय असेल, खरेदी एकत्र होत असेल, तर हे प्लग एमआरआयपर्यंत पोचू शकतात. तिथे ते चालत नाहीत. धातूची पट्टी असलेले मफही नाहीत. एमआरआयसाठी साधा, बिनदोरीचा फोम, वेगळ्या डब्यात, डब्यावर ठळक लिहिलेला. एका रुग्णाचा प्लग दुसऱ्याला कधीही नाही.

भूल दिलेल्या रुग्णाचं संरक्षण सर्वांत जास्त विसरलं जातं. तो तक्रार करू शकत नाही, आणि मोठ्या आवाजाला कानातला स्नायू जो थोडाफार आवर घालतो तोही भुलीत मंदावतो. भुलीच्या चेकलिस्टमध्ये "कान" ही एक ओळ वाढवा. तान्ह्या बाळांना मोठ्यांचा प्लग मावत नाही, त्यांच्यासाठी कानावर चिकटवायचे मऊ मफ मिळतात. त्यांचं संरक्षण थोडं असतं, म्हणून वरून गादी द्यावी आणि मशीनमध्ये कमी आवाजाचा सिक्वेन्स निवडता येत असेल तर तो निवडावा. सोबत आत थांबणाऱ्या आईलाही प्लग. ती गरोदर असेल तर स्कॅन चालू असताना दुसऱ्या कुणाला थांबवा, तिच्या कानातला प्लग पोटातल्या बाळाचं संरक्षण करत नाही.

स्कॅन संपल्यावर एक प्रश्न: "कानात शिट्टी वाजतेय का?" उत्तर होय असेल तर नोंद करा, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, आणि कमी झालं नसेल तर कान तपासायला बोलवा.

ऑपरेशन थिएटर

गुडघा बदलताना करवत, ड्रिल आणि हातोडी यांचा आवाज तीव्र असतो पण तुटक. इथे सर्वांना एकच साधन देणं चूक ठरेल. सर्जन आणि स्क्रब सिस्टरला हात धुण्याआधी घालायचे फिल्टरवाले प्लग द्या. एकदा निर्जंतुक झाल्यावर त्यांना कानाला हात लावता येत नाही. भूलतज्ज्ञाचं वेगळं आहे. पल्स ऑक्सिमीटरचा टूं-टूं सूर ऑक्सिजन घसरला की खाली उतरतो आणि भूलतज्ज्ञ स्क्रीनकडे न बघताही तो ऐकत असतो. तो सूर दबवणारा फोम त्यांच्या कानात जाता कामा नये. त्यांची जागा करवतीपासून दूर असतेच, तेवढं पुरतं. करवतीची पाती धारदार ठेवणं आणि काम नसताना सक्शन बंद करणं, या दोन सवयींनी थिएटर बरंच शांत होतं.

प्लास्टर कापताना लहान मुलांना छोटा मफ घाला. करवत कातडी कापत नाही हे त्यांना कितीही सांगितलं तरी ती रडतात आवाजाला.

नवजात अतिदक्षता विभागात प्लगचा विचारच नको. तिथे ४५ डेसिबलच्या खाली राहावं अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे, आणि ते दारं, अलार्मचा आवाज, इनक्युबेटरच्या काचेवर ठेवल्या जाणाऱ्या वस्तू आणि आपलं बोलणं यांच्या शिस्तीतून साधायचं असतं.

साठा आणि देखभाल

प्लगचा डबा मालकाच्या कपाटात कुलपात असेल तर योजना पहिल्याच महिन्यात संपते. तो हजेरीच्या जागी, हात धुवायच्या नळाशेजारी, उघडा हवा. फोम कडक झाला, मळला किंवा दाबल्यावर परत फुगायला आळस करू लागला की टाका. सिलिकॉनचा प्लग रोज धुवा, पाकळी चिरली की बदला. मफच्या गाद्या घामाने ताठ होतात, सहा महिन्यांनी बदलाव्यात. डोक्यावरची पट्टी कुणी सैल करायला वाकवून ठेवली असेल तर तो मफ निकामी समजा.

ऐकण्याची तपासणी

आवाजाने येणारा बहिरेपणा सुरू होतो ४००० हर्ट्झच्या आसपास. ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर) तिथे खळगा दिसतो आणि ८००० वर रेघ पुन्हा वर येते. बोलणं समजायला त्रास व्हायला लागतो तोवर बरीच वर्षं गेलेली असतात, म्हणून तक्रारीची वाट बघायची नाही. कामावर घेताना पहिला ऑडिओग्राम, मग दरवर्षी एक. तपासणीआधी चौदा तास तरी माणूस आवाजापासून लांब हवा, नाहीतर पाळीचा तात्पुरता थकवा कायमच्या नुकसानीत मिसळतो. साप्ताहिक सुट्टीनंतरची सकाळ सोयीची.

पहिल्या ऑडिओग्रामच्या तुलनेत २०००, ३००० आणि ४००० हर्ट्झची सरासरी १० डेसिबलनी घसरली तर त्या माणसाचं संरक्षण कुठेतरी गळतंय. त्याला दोष देण्याआधी त्याच्याकडून प्लग घालून घ्या, माप बदला, त्याच्या मागाजवळचा आवाज पुन्हा मोजा. सोबत औषधांबद्दल विचारा. क्षयरोगासाठी दिली जाणारी काही इंजेक्शनं कानाला इजा करतात, आणि रंगकाम-छपाईत टोल्युइनसारखी द्रावणं हुंगणाऱ्यांचे कान आवाजाने लवकर जातात.

तपासणी कुठे करायची? जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारा, बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून चालू आहे. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कारखान्यातल्या आवाजाच्या मोजणीसाठी सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेकडे मार्गदर्शन मिळू शकतं.

ऑडिओग्रामची एक प्रत कामगाराच्या हातात द्या आणि घरी जपून ठेवायला सांगा. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत मोडतो, आणि नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण भरपाई मागायची वेळ आली की कामावर रुजू होताना कान कसे होते हे दाखवावं लागतं. शेड बंद पडते, मालक बदलतो, फाइल हरवते. कामगाराच्या ट्रंकेतली ती प्रत तेव्हा उपयोगी पडते.